पोट तुमचं, चूक तुमची

४ जून

बेबीवन्सं,

'कशा आहात' विचारण्याइतकी मी आज शांत नाही, म्हणून ते गाळते. फोनच करणार होते. पण फोनवर एकतर मी रडले असते, नाहीतर नको ते बोलले असते. शिवाय घरातला फोन तुमचे दादाच आधी उचलतात. म्हणून हे पत्र, तेही तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर. पाकिटावर 'खासगी' लिहिलंय, तरी तुमच्या साहेबांनी फोडलं तर फोडू दे. त्यांनीही वाचावं असंच आहे.

आणि हो, आज 'अहो' आणि 'वन्सं'. एरवी तू माझी धाकटी नणंद, लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या वेण्या मी घातल्यात. पण रागात मला 'तू' म्हणता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

सकाळी कामाला निघाले. वकिलांच्या ऑफिससमोरच्या थांब्यावर बसमधून उतरले, वर पाहिलं, तर रस्त्यापलीकडे दोन मजले उंच एक पोट. नुसतं पोट. वर डोकं नाही, खाली पाय नाहीत. बनियन वर सरकलेला आणि पोटावर एक हात टेकवलेला. बाजूला लाल अक्षरांत: 'पोट तुमचं. चूक तुमची.' त्याखाली बारीक अक्षरांत गोड कमी खा, रोज चाला, मधुमेह टाळा, आणि तुमच्या आरोग्य खात्याचं चिन्ह.

मुंडकं छाटलं की माणूस ओळखू येत नाही, असं तुमच्या खात्यात कुणी सांगितलं? भट्टीच्या दाराचा चटका बसून मनगटावर पडलेला तो पांढरा डाग मी ओळखते. बनियनच्या कडेला घातलेले माझे टाके ओळखते. ज्या माणसाशी इतकी वर्षं संसार केला, त्याला ओळखायला मला त्याचं तोंड लागत नाही.

शेजारी कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. एक म्हणाली, "ई! काय खातात काय ही माणसं!" मी काय सांगणार होते? की हे आमच्या घरचं आहे म्हणून?

तो फोटो तुम्ही काढलात. मार्चमध्ये आला होतात तेव्हा, बाहेरच्या खोलीत, त्यांना खुर्चीत बसवून. मी आत चहा टाकत होते. "ऑफिससाठी एक साधा फोटो हवाय," म्हणालात. मला वाटलं, असेल एखादं माहितीपत्रक.

उतरवा ते. आजच्या आज. तुमच्या दादांनी अजून पाहिलेलं नाही. निदान मला तशी आशा आहे.

तुमची भावजय


११ जून

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. साहेबांनी फोडलं नाही, पण पाकिटावरचं अक्षर बघूनच मला कळलं की आत विस्तव आहे.

आधी एक स्पष्ट करते. दादाला न विचारता मी काहीही केलेलं नाही. त्याची लेखी संमती आहे. मी म्हटलं, "दादा, लोकांना जागं करायचं तर असा फोटो लागतो." तर तो हसून म्हणाला, "घे की! माझ्या पोटाचा कुणाला तरी उपयोग होऊ दे. एवढी वर्षं नुसतंच पुढे पुढे करतंय." सही केली आणि माझं पेन खिशात टाकून मोकळा झाला. तुला सांगितलं नाही हे त्याचं चुकलं. ते माझ्या गळ्यात मारू नकोस.

वहिनी, हे पोट आज प्रत्येक वसाहतीत आहे, प्रत्येक ऑफिसात आहे. साखर, रक्तदाब, हृदयविकार, सगळे याच वाटेनं येतात आणि माणसं चाळिशी-पन्नाशीत अंथरूण धरतात. इतकी वर्षं आम्ही गोड बोलून पाहिलं. फळांची चित्रं काढली, हसऱ्या भाज्या काढल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही. या वेळी साहेब म्हणाले, लाज वाटली पाहिजे, लाज वाटली की माणूस हलतो. आणि खरंच, लोक थांबून वाचताहेत. तूही थांबलीसच ना?

आई-बाबा गेल्यावर दादाच माझा बाप झाला. त्याला मधुमेह आहे, त्याची काळजी काय मला नाही? दर वेळी सांगते, चाल, गोड सोड. तो 'हो हो' म्हणतो आणि बिस्किट चहात बुडवतो. मी तोंडावर सांगून जे पटलं नाही, ते भिंतीवर पाहून पटेल, असं मला मनापासून वाटलं. रागावू नकोस, पण तूही स्वयंपाकात तेल-साखरेकडे जरा लक्ष दिलंस तर मदत होईल. सोबत आमच्या खात्याचा आहाराचा तक्ता पाठवते आहे.

फलक उतरवणं माझ्या हातात नाही. चेहरा दिसत नसल्यामुळे खात्याच्या दृष्टीनं हरकतीचं काही नाही.

बेबी


१६ जून

वन्सं,

तक्ता मिळाला. छान रंगीत आहे. ओट्याखाली पाणी गळतं, तिथे अंथरायला बरोबर मापाचा निघाला.

माझ्या स्वयंपाकावर घसरलात, बरं झालं. तुमच्या दादांच्या पोटात दिवसभरात माझ्या हातचं किती जातं, ते ऐका. ते बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर आहेत, एवढं तुम्हाला माहीत आहे. भट्टीवर म्हणजे कसे, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. पाळी आता बारा तासांची झाली आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. बिचाऱ्या पोटाला कळत नाही भूक कधी लागायची ते. जेवायला पंधरा मिनिटं. कॅन्टीन आवाराच्या दुसऱ्या टोकाला, जाण्यायेण्यातच सुट्टी संपते, म्हणून भट्टीवरचं कुणी जात नाही. माझा डबा उघडायचा तर हात धुवायला हवेत, आणि नळही तिकडेच. भट्टीजवळ काय आहे? गोड चहाचं यंत्र आणि तुटक्या बिस्किटांचं पिंप. फुकट, हवी तेवढी. कामगाराच्या तोंडात काहीतरी असलं की तो जागचा हलत नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक आहे. माझा डबा भरलेला जातो आणि भरलेला परत येतो. तुमच्या तक्त्यात हे कुठल्या रंगात दाखवलंय?

चाला म्हणता. कुठे? आमच्या गल्लीच्या तोंडाशी मैदान होतं, तिथे कुंपण घालून गाड्या लावायची सोय केली. मोठ्या रस्त्याला पदपथच नाही. ट्रक अंगाला घासून जातात.

आता खरं सांगते माझं डोकं कशानं फिरलंय. होर्डिंगच्या अगदी खाली, कोपऱ्यात, 'सौजन्य' म्हणून एक ओळ आहे. काल चष्मा लावून वाचली. कारखान्याचं नाव आहे. यांच्याच. ज्यांनी पिंप ठेवलं, त्यांनीच फलक उभारला. आणि चूक कुणाची? पोटाची!

छापायच्या आधी तुम्ही ती ओळ वाचली होतीत का? एवढंच सांगा.

तुमच्या दादांना कळलंय. कारखान्याच्या फाटकावरच लावलाय एक. भट्टीवरच्या सगळ्यांनी मनगटावरचा डाग ओळखला. आता त्यांना 'होर्डिंग' म्हणतात. "ए होर्डिंग, जरा सरक." कुणीतरी त्यांच्या लॉकरवर छोटं पोस्टरही चिकटवलं. हे मला दुसऱ्या एका कामगाराच्या बायकोनं सांगितलं. हे स्वतः घरी येऊन म्हणाले, "पोरं गंमत करतात गं." आणि ताटावरून अर्ध्यात उठले.

भावजय


१ जुलै

वहिनी,

उत्तराला उशीर झाला, मोहिमेचा पहिला टप्पा संपत होता.

'सौजन्य' मी वाचलं होतं. खात्याकडे फलकांपुरती तरतूद नव्हती, कारखाना पुढे आला. खर्च कुणीही करो, संदेश चांगला आहे ना, असं साहेब म्हणाले, आणि मलाही तेव्हा तसंच वाटलं. तुझं पत्र आल्यावर मी बैठकीत एकदा विषय काढला. म्हटलं, कारखान्यांमधली कॅन्टीनं, जेवणाच्या सुट्ट्या, हेही आपण बघायला नको का? साहेब म्हणाले, "बाई, आपलं काम लोकांच्या सवयी बदलणं, कारखाने बदलणं नव्हे." तेवढ्यात चहा आला. मी विषय पुन्हा काढला नाही.

पण एक चांगली गोष्ट तुला माहीत असेलच. दादा रोज चालायला लागलाय! काल फोनवर म्हणाला, "तुझ्या फलकानं हलवलं बघ मला." वहिनी, मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. नाव न घालता अहवालातही लिहिलं. तुझा राग मी समजते, पण औषध कडूच असतं. थोड्या दिवसांनी तूच म्हणशील, बेबीनं केलं ते बरं केलं.

पुढच्या टप्प्यात तोच फोटो बसच्या पाठीवर लागणार आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुन्हा धक्का नको.

बेबी


१४ जुलै

चि. बेबी,

पत्र लिहायची सवय मोडली आहे. अक्षर भट्टीत जरा जास्त वेळ ठेवून काढल्यासारखं आलंय, ते गोड मानून घे. नको, गोड तुमच्या खात्याला चालत नाही. नुसतंच मानून घे.

वहिनी तुला काहीबाही लिहिते असा मला संशय आहे. मागे एकदा पाकिटाला डिंक लावताना पकडली. तू मनावर घेऊ नकोस. तिची जीभ तिखट, पण माणूस सोन्यासारखं आहे. फलकाचं म्हणशील तर मला काही वाटत नाही. फोटो काढलास तेव्हा त्याच्यावर काय लिहिणार ते मला माहीत नव्हतं, एवढंच. माहीत असतं तर जरा बरा बनियन घातला असता.

चालणं जोरात चालू आहे. पाळी सुटली की कारखान्याच्या मागच्या रस्त्यानं जातो, तिकडे ओळखीचं कुणी भेटत नाही. कामावरचेच बूट घालतो. पुढून लोखंडासारखे टणक आहेत, पण हल्ली पायाला काही जाणवतच नाही, त्यामुळे चावत नाहीत. बघ, म्हातारपणाचेही फायदे असतात!

या महिन्यात दवाखान्यात गेलो नाही. तिथे दारातच तुझा फलक आहे. गेल्या महिन्यात गेलो तर नर्सबाईंनी माझं मनगट बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काका, ते तुम्हीच का?" रांगेतली सगळी डोकी वळली. मी म्हटलं, "नाही हो, तो माझा भाऊ." आणि परत आलो. गोळ्या आहेत अजून थोड्या. वहिनीला बोलू नकोस, नाहीतर तिकडे जाऊन नर्सबाईंचं डोकं खाईल, आणि ते पथ्यात बसत नाही.

साहेबांना सांग, बहिणीनं घरचं पोट दिलंय, आता बढतीचं बघा.

दादा


२१ ऑगस्ट

बेबी,

त्यांना इस्पितळात ठेवलंय. उजव्या पायाला, अंगठ्याखाली फोड होता. बुटानं झालेला. किती दिवसांचा, कुणास ठाऊक. माझ्यासमोर मोजे काढत नव्हते. घरात वास यायला लागला तेव्हा मी मोरी घासली, कपाटं सरकवली, मेलेला उंदीर शोधत बसले. काल कामावर कोसळले, अंगात ताप फणफणत होता. डॉक्टर म्हणतात जखम हाडापर्यंत गेली आहे, बोटं काळी पडली आहेत. उद्या अर्धं पाऊल काढणार.

तिकडे दवाखान्याची पायरी त्यांनी जूनपासून चढलीच नव्हती, हेही आज कळलं. रोज चालत मात्र होते. रोज. तुम्ही सांगितलंत ना.

गुंगीत एकच घोकताहेत, बेबीला कळवू नका, तिला वाटेल तिच्यामुळे झालं. म्हणून कळवते आहे.

फोन उचलला आणि खाली ठेवला. आमच्या ऑफिसचा शिपाई कोर्टाच्या कामाला तुमच्याकडे निघालाय, त्याच्या हाती हे देते.

वहिनी


३ सप्टेंबर

वहिनी,

तू मला खोलीत जाऊ दिलं नाहीस. बरोबर केलंस. दाराबाहेरच्या बाकावर मी बसून होते, तू चहाचा कप माझ्या शेजारी ठेवायचीस आणि एक शब्द न बोलता आत जायचीस. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. म्हणूनच दिल्या नाहीस ना?

दादाचं जुलैमधलं पत्र माझ्याकडे होतं. पायाला काही जाणवत नाही, दवाखान्यात जात नाही, सगळं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. मधुमेहात पाय बधिर होतात, जखम कळत नाही, हे मीच शिबिरांमधून सांगत फिरते. आणि माझ्या भावानं ते लिहिलं तेव्हा मी हसले. 'म्हातारपणाचे फायदे' हे वाक्य मी शेजारच्या टेबलावर वाचूनही दाखवलं.

आता काय केलं ते सांगते. सोमवारी मोहिमेच्या यशाची बैठक होती. आकडे मी सांगायचे होते. किती जणांनी फलक पाहिला, किती जणांना वजनाची लाज वाटली. सगळे चढते. एक आकडा कुणी मागितला नव्हता, तो मी आदल्या शुक्रवारी दवाखान्यांकडून फोन करून घेतला. फलक लागल्यापासून साखर तपासायला नेमानं येणारे जुने रुग्ण कमी झालेत. जिथे दारात फलक आहे तिथे जास्तच. मी उभी राहून तो वाचला. साहेब म्हणाले, "सुट्ट्यांमुळे असेल."

मी म्हटलं, "साहेब, फलकावरचा माणूस माझा सख्खा भाऊ आहे. तोही यायचा थांबला. गेल्या आठवड्यात त्याचं अर्धं पाऊल कापलं."

कारखान्याचा एक माणूस बैठकीला होता. तो अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "फार वाईट वाटलं ऐकून. पण ताई, बिस्किटं खा म्हणून आम्ही कुणावर जबरदस्ती करतो का?"

त्याच्यासमोर त्यांच्याच बिस्किटांची बशी होती. ती मी उचलली आणि खिडकीबाहेर फेकली. बशीसकट. खाली साहेबांची गाडी होती, ते नंतर कळलं.

माझ्याकडे खुलासा मागितलाय. देईन. त्यात हेही लिहीन की सही घेताना मी दादाला वरची ओळ दाखवली नाही. ओळ तेव्हा ठरलेली नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले. ठरलेली होती. दाखवली असती तर त्यानं नाही म्हटलं नसतं, पण तोंड पाडलं असतं, आणि ते मला बघायचं नव्हतं.

फलक उतरवायचा एक मार्ग आहे. दादानं संमती मागे घ्यायची, वकिलामार्फत, लेखी. मग खात्याला ठेवता येणार नाही. तुमचे वकीलसाहेब करतील का?

बेबी


१९ सप्टेंबर

बेबी,

बशीचं वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. पण शाबासकीची वाट बघू नकोस. बशी फेकायला सोपी असते.

वकीलसाहेबांनी नोटीस सांगितली, मी टाइप केली. एवढी स्वच्छ नोटीस मी जन्मात टाइप केली नव्हती. घरी नेली, तर तुझे दादा सही करेनात! म्हणे, बेबीची नोकरी जाईल. म्हणे, कारखान्याशी वाकडं कशाला?

त्याचं कारण ऐक. मॅनेजर स्वतः घरी येऊन गेला. हातात फळांची टोपली. इतक्या वर्षांत त्या कारखान्यातून पहिल्यांदा फळ घरात आलं, तेही पाय गेल्यावर. म्हणाला, भट्टीवर आता उभं राहता येणार नाही, तर फाटकावर बसून पास तपासायचं काम देऊ. फक्त एक करायचं. पुढच्या महिन्यात कारखान्यात आरोग्य सप्ताह आहे. त्यात व्यासपीठावर बसायचं, पाय दाखवायचा आणि कामगारांना सांगायचं, बाबांनो, मी तोंडावर ताबा ठेवला नाही, तुम्ही ठेवा.

मी टोपली दाराबाहेर ठेवली. यांनी लंगडत जाऊन ती आत आणली. "फळांवर कशाला राग?" म्हणाले. आणि भाषण पाठ करायला बसले. मॅनेजरनं लिहून दिलेलं भाषण, बेबी! माझ्या घरात, मोठ्यानं. "चूक माझीच होती... चूक माझीच होती..." मी आत भांडी आपटली. त्यांनी आवाज चढवला. मी आणखी आपटली.

"तुम्हाला खरंच असं वाटतं?" मी शेवटी बाहेर येऊन विचारलं.

म्हणाले, "सगळेच म्हणतात. सगळे कसे खोटं बोलतील?"

यावर काय बोलायचं, ते तू शिकलेली आहेस, तूच सांग. मी आज त्यांच्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलते आहे, यावरून काय ते समज.

वहिनी


१२ ऑक्टोबर

बेबी,

वहिनी तिखटमीठ लावून सांगायच्या आत माझ्याकडून ऐक.

मागच्या शनिवारी आरोग्य सप्ताहाचा कार्यक्रम झाला. मला आणायला कारखान्याची गाडी आली होती. इतकी वर्षं बसला लोंबकळत गेलो. पाऊल अर्धं झालं आणि गाडी मिळाली. आवारात व्यासपीठ, मागे तोच फलक पडद्यासारखा ताणलेला. त्याच्यापुढे मला खुर्चीत बसवलं, म्हणजे आधीचा मी आणि नंतरचा मी एकाच नजरेत दिसावं. पहिल्या रांगेत तुझे साहेब.

भाषण तोंडपाठ होतं आणि मी तेच म्हणणार होतो. शपथेवर सांगतो. मला ते पटलंही होतं.

मॅनेजरनं पायाचं बँडेज सोडायची खूण केली. मी वाकलो, तर पोट आडवं आलं, हात पोचेना. लोक हसले. मग भट्टीवरचा माझा जोडीदार वर आला. लॉकरवर पोस्टर चिकटवणारा तोच, मला तेव्हाही माहीत होतं. खाली बसला आणि बँडेज सोडायला लागला. मान वर करून माझ्याकडे बघेना. चाळिशीसुद्धा नाही त्याची. खिशात तुटकी बिस्किटं. वर येताना उजवा पाय जरा तिरका टाकत होता, ते मला आता दिसलं. मी हळूच विचारलं, "काय झालंय रे पायाला?"

म्हणाला, "कुठे काय? काही दुखत नाही. काही जाणवतच नाही."

मला राग येत नाही असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. तो कुठे साठून राहिला होता कोण जाणे. मी माइक ओढला. "चूक माझीच होती," एवढं म्हणालो आणि पुढचं खरंच आठवेना. मग जे तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, "चूक माझीच. पंधरा मिनिटांत जेवणं मला जमलं नाही. तुमच्यात कुणाला जमतं, त्यानं हात वर करा."

कुणी केला नाही.

"मॅनेजरसाहेब, तुम्हाला किती मिनिटं असतात?" ते नुसते हसले. मी म्हटलं, "हात धुवायचा नळ कुठे आहे, तो आरोग्य खात्याच्या साहेबांना दाखवा रे." सगळ्यांनी एकदम आवाराच्या पार टोकाकडे बोट केलं. "आणि बिस्किटांचं पिंप?" तेव्हा हशा पिकला. पण तसलं हसू मी कारखान्यात कधी ऐकलं नव्हतं. त्यात गंमत नव्हती.

तुझे साहेब उठून गेले. मॅनेजरनं माइक बंद करवला. भट्टीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय असलेल्या माणसाचा माइक बंद करून काय होतं? मी मागच्या पोटाकडे हात केला आणि म्हटलं, "याला डोकं का नाही ठाऊक आहे? डोकं असतं तर यानं विचारलं असतं!"

मग मी खाली उतरलो. जोडीदारानं धरून उतरवलं. त्याला तसाच फाटकाशी माझी वाट बघत उभ्या असलेल्या वहिनीच्या हवाली केला. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली, म्हणजे ओढतच नेलं. नर्सबाईंशी काय बोलली ते मला सांगत नाही, पण दारातला फलक त्याच दिवशी निघाला. जोडीदाराच्या पायाला फोड आहे, लहान आहे. पाय वाचेल म्हणाले.

सोमवारी जेवणाची घंटा झाली. पाळीतले झाडून सगळे कॅन्टीनला गेले, डबे उघडले. परत यायची घंटा झाली, तर कुणी उठेना. भट्टीतला माल करपून कोळसा झाला. मॅनेजर येऊन ओरडला, तर एक जण म्हणाला, "साहेब, सावकाश चावून खा असं तुमच्याच पत्रकात आहे." जेवले, हात धुतले, मग गेले. मंगळवारी तेच. बुधवारी अर्ध्या तासाची सुट्टी फळ्यावर लागली. भट्टीजवळ नळ बसवायला माणूस आलाय. पिंप अजून तिथेच आहे, त्याचं भांडण व्हायचंय.

माझं फाटकावरचं काम गेलं. वकीलसाहेब म्हणतात, भांडू. मी म्हटलं, भांडू.

नोटिशीवर सही त्याच शनिवारी केली, वहिनी दवाखान्यातून घरी आल्या आल्या. तिनं पेन पुढे केलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता. वकिलांच्या ऑफिससमोरचा फलक काल उतरला. ती काम टाकून बघत उभी राहिली होती.

आता तुझं. तुझं ते बशीचं पत्र तिनं मला वाचायला दिलं. तुझी बदली झाली तेही कळलं, लांब कुठेतरी, खोली नुसती धुळीनं भरलेली म्हणे. साहेबांची गाडी तरी दुरुस्त झाली का?

बेबी, मला तुझा राग आलाय. इतके दिवस आला नव्हता, म्हणजे मी येऊ दिला नव्हता. तू लहान होतीस, तुझं चुकलं तरी मी पोटात घालायचो, ती सवय. पण आलाय. काय खाऊ नको ते तू मला इतकी वर्षं सांगत आलीस. दादा, जेवतोस कधी? बसतोस कुठे? दमतोस किती? हे तू एकदाही विचारलं नाहीस. मला वाटायचं, एवढी शिकलेली आहे, तिला विचारायची गरज नसेल. सही मागितलीस तेव्हाही मीच विचारायला हवं होतं, वर काय लिहिणार म्हणून. नाही विचारलं. तुझ्या तोंडावर अविश्वास कसा दाखवायचा?

पाऊल परत येणार नाही. रात्री बोटं खाजतात, नसलेली. अशा वेळी मी तुझ्यावर चिडतो, मॅनेजरवर चिडतो, आणि मग झोप लागते. माफ केलं असं लिहिलं तर वहिनी हे पत्र फाडेल, आणि ते खरंही होणार नाही.

रविवारी ये. दारात बसवणार नाही कुणी, मी तिला सांगितलंय. नीट जेवायच्या वेळेला ये. मला तुझ्याशी खूप भांडायचंय, आणि ते पत्रात मावत नाही.

दादा